वनस्पतींची रसशाळा आणि 'दुय्यम' हा शब्द



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते विज्ञानाचे शिक्षक होते. मी मात्र आयुष्यभर मराठी भाषा व वाङ्मय शिकवले. त्यामुळे फुलांच्या रंगांविषयी मी बोलणार असे कळल्यावर काहींनी हे व्याख्यान कवितेतील फुलांविषयी असेल, असा समज करून घेतला असण्याचा संभव आहे. तसे ते नाही. या विषयाकडे मला खेचून आणले ते एका शब्दाने, आणि शब्दाची चौकशी करणे हा माझा व्यवसायच असल्याने त्या चौकशीत थोडे रसायनशास्त्र शिकावे लागले.

तो शब्द म्हणजे 'दुय्यम'. फुलांचे रंग, सुवास, हळदीचा पिवळेपणा, हिरड्याचा तुरटपणा, अफूतील मॉर्फीन या साऱ्यांना वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत दुय्यम द्रव्ये म्हटले जाते. शर्करा, प्रथिने, मेद ही प्राथमिक आणि उरलेली सारी दुय्यम. हा भेद १८९१ मध्ये आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञांनी मांडला. त्यांचा निकष सार्वत्रिकतेचा होता: जी द्रव्ये वाढणाऱ्या प्रत्येक पेशीत सापडतात ती प्राथमिक, जी काही पेशींत सापडतात आणि काहींत नाही ती दुय्यम. परंतु 'दुय्यम' हा फारसीतून आपल्याकडे आलेला शब्द कचेरीत वावरलेला आहे. दुय्यम म्हटले की वरिष्ठाच्या हाताखालचा, नसला तरी अडणार नाही असा, ही छटा त्याला चिकटतेच. युरोपीय भाषांतील मूळ शब्दाचीही तीच गत झाली. पुढील अर्धशतकाहून अधिक काळ अनेक अभ्यासक या द्रव्यांना वनस्पतीच्या देहव्यापारातील टाकाऊ माल समजत राहिले. आज मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, ही द्रव्ये झाडाच्या संसारात दुय्यम नाहीत आणि आपल्या संसारातही नाहीत.

प्रारंभ एका कड्यापासून करावा लागेल. सहा कार्बन अणूंनी परस्परांचे हात धरून केलेले एक षट्कोनी कडे रसायनशास्त्रात प्रसिद्ध आहे. १८६५ मध्ये केकुले यांनी बेन्झीनच्या रेणूची ही रचना सुचविली. आपल्या आजच्या विषयातील बहुतेक पात्रांच्या अंगावर हे कडे आहे. गुलाबाच्या लाल रंगात ते आहे, हळदीत आहे, मोगऱ्याच्या गंधात आहे, सागवानाच्या लाकडात आहे. गंमत अशी की माणसाला, किंबहुना कोणत्याही प्राण्याला, शर्करेपासून हे कडे घडविता येत नाही. ते वनस्पतींना, बुरशींना आणि अनेक सूक्ष्मजीवांना साधते. आपल्या प्रथिनांना, आपल्या अ‍ॅड्रेनलिनला, थायरॉइड ग्रंथीच्या स्रावाला, आपल्या केसांच्या काळ्या रंगाला ते कडे लागते आणि ते आपण डाळ-पोळीतून, म्हणजे अंती झाडांकडून, उसने घेतो. (माझ्या केसांनी हा व्यवहार केव्हाच बंद केला आहे, हे समोरच्या रांगेला दिसतच असेल.)

झाड हे कडे कसे घडविते? प्रकाशसंश्लेषणातून निर्माण झालेल्या शर्करेचे लहान-मोठे तुकडे पेशीत हाताशी असतात. त्यांपैकी एक तीन कार्बनांचा तुकडा आणि एक चार कार्बनांचा तुकडा जोडून सात कार्बनांची साखळी होते. ती साखळी स्वतःवर वळते, सहा कार्बन कड्यात बसतात आणि सातवा बाहेर लोंबकळतो. या पायरीपुढे जो पदार्थ मिळतो त्याचे नाव शिकिमिक आम्ल. जपानमध्ये शिकिमी नावाचा विषारी वृक्ष आहे. त्याच्यापासून १८८५ मध्ये हे आम्ल प्रथम वेगळे केले गेले, म्हणून हे नाव. त्याच वृक्षाचा बिनविषारी भाऊबंद म्हणजे आपल्या मसाल्यातील बदामफूल, ज्याला काही घरांत बाद्यान म्हणतात. २००५ च्या सुमारास बर्ड फ्लूचे संकट उभे राहिले तेव्हा टॅमिफ्लू हे औषध बनविण्यासाठी याच बदामफुलातून शिकिमिक आम्ल काढले जात होते आणि बदामफुलाला जगभर मागणी आली होती.

सुमारे सत्तर वर्षे हे आम्ल म्हणजे एका परदेशी झाडातील कुतूहलाची वस्तू एवढेच मानले जात होते. १९५० च्या दशकात सूक्ष्मजीवांवरील प्रयोगांतून ध्यानात आले की षट्कोनी कड्याकडे जाणारा राजमार्ग याच ठाण्यावरून जातो. वनस्पती हवेतून जेवढा कार्बन उचलतात त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या मार्गाने पुढे जातो असे मानतात. त्यातील बराच भाग लाकडाला ताठपणा देणाऱ्या लिग्निन या द्रव्यासाठी खर्च होतो. शेतकरी मंडळी ग्लायफोसेट हे तणनाशक फवारतात, ते नेमकी हीच वाट अडविते आणि तण मरते. ज्या वाटेवर नाकेबंदी झाली तर झाड जगतच नाही, त्या वाटेच्या पुढील गावांना दुय्यम म्हणणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार करावा.

शिकिमिक आम्लाच्या पुढे एक फाटा आहे. तेथील पदार्थाचे नाव कोरिस्मिक आम्ल, आणि ते ग्रीक भाषेतील 'वेगळे होणे' या अर्थाच्या शब्दावरून ठेवले आहे. शास्त्रज्ञांतही शब्दाची जाण असलेली माणसे असतात, याचा हा पुरावा. या फाट्यावरून तीन अ‍ॅमिनो आम्लांकडे वाटा फुटतात: फेनिल-अ‍ॅलनीन, टायरोसीन आणि ट्रिप्टोफॅन. पुढील सर्व कथा या तिघांची. त्यातही पहिल्याची अधिक.

फेनिल-अ‍ॅलनीनमध्ये नऊ कार्बन आणि एक नायट्रोजन असतो. रंगशाळेच्या दारातच एक एन्झाइम, ज्याला आपल्या परिभाषेत विकर म्हणतात, तो नायट्रोजन काढून घेते. नायट्रोजन ही झाडाच्या घरातली महागाची वस्तू. ती अमोनियाच्या रूपाने परत कोठारात जमा होते. उरते ते सिनॅमिक आम्ल. नाव दालचिनीवरून पडले आहे आणि दालचिनीचा वास त्याच्या सख्ख्या भावंडाचा आहे. या नऊ कार्बनांच्या तुकड्याला मग दोन-दोन कार्बनांचे तीन तुकडे जोडले जातात. नऊ आणि सहा मिळून पंधरा. या पंधरा कार्बनांच्या सांगाड्यावर निसर्गाने हजारो द्रव्ये बेतली आहेत. सांगाडा प्रथम तयार होतो तो पिवळसर असतो, त्याला शाल्कोन म्हणतात. बहुतेक झाडांत तो तेथे थांबत नाही. त्याला तिसरे कडे पडते, मग तो रंगहीन होतो, आणि आणखी काही विकरांच्या हातांखालून जाऊन अँथोसायनिन या लाल-जांभळ्या-निळ्या रंगवर्गात प्रवेश करतो. शेवटी त्याला शर्करेचा एक रेणू जोडून पेशीतील पाण्याने भरलेल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या हौदात, सोडले जाते. पाकळीचा रंग म्हणजे या हौदातील पाण्याचा रंग.

आपल्या माळव्याला परिचित असलेला पळस मात्र हा नेम पाळत नाही. फाल्गुनात पाने झाडून टाकून अंगभर पेटणारा हा वृक्ष, ज्याला खेड्यांत खाखरा आणि त्याच्या फुलांना टेसू म्हणतात, शाल्कोनपाशीच मुक्काम करतो. त्याच्या शाल्कोनमध्ये नेहमीच्यापेक्षा एक ऑक्सिजन कमी असतो. शेंगवर्गीय कुळाची ही खास करामत. त्या उणेपणामुळे ते शाल्कोन अधिक टिकाऊ होते, आपण होऊन पुढच्या रंगहीन रूपात सरकत नाही, आणि पाकळीला केशरी रंग देते. इंदुरात रंगपंचमीला गेर निघते तिच्यात आज कारखान्यातले रंग उडतात. पण पळसाची फुले रात्रभर भिजवून केलेल्या रंगाची आठवण असलेली माणसे या सभागृहात असतील. तो रंग एका अणूच्या उणेपणाचा होता. संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, आणि 'हा पोपट तर नव्हे?' अशी त्या नावाची व्युत्पत्ती परंपरेने सांगितली आहे. चोचीसारख्या फुलाचे ते वर्णन आहे; परंतु पक्ष्याचे नाव येथे योगायोगाने आले तरी अस्थानी नाही, हे पुढे दिसेल.

जी झाडे शाल्कोनच्या पुढे जातात त्यांच्या रंगातील फरक पाहिला की मन थक्क होते. सांगाड्याच्या एका कड्यावर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी एक असेल तर नारिंगी-तांबडा रंग येतो. जिरेनियमचा आणि स्ट्रॉबेरीचा. दोन जोड्या असतील तर गुलाबाचा आणि जास्वंदीचा लाल. तीन असतील तर रंग जांभळ्या-निळ्याकडे झुकतो. गोकर्णीचे फूल आणि वांग्याची साल ही त्याची उदाहरणे. एक, दोन, तीन, एवढाच हिशेब. गुलाबाच्या कुळात तिसरी जोडी बसविणारे विकर नाही, म्हणून माळ्यांनी शतकानुशतके खटपट करूनही निळा गुलाब झाला नाही. जपान व ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पॅन्सी या फुलझाडाचे जनुक गुलाबात घालून तो केला आणि २००९ मध्ये जपानात तो विकावयास आला. त्याचे छायाचित्र मी पाहिले आहे. शास्त्राला वंदन करून सांगावेसे वाटते की त्याला निळा म्हणण्यासाठी थोडे औदार्य लागते. तो फिकट जांभळा आहे.

तो निळा का झाला नाही, याचे उत्तर एका जुन्या कोड्यात आहे. युरोपातील गव्हाच्या शेतांत कॉर्नफ्लॉवर नावाचे गर्द निळे फूल उगवते. १९१३ मध्ये रिखार्ड विल्श्टेटर यांनी त्यातील रंगद्रव्य शुद्ध केले, आणि मग लाल गुलाबातील द्रव्य पाहिले तर दोन्ही एकच! एकाच द्रव्यातून गुलाब लाल आणि हे फूल निळे कसे? विल्श्टेटर यांना वाटले की एका फुलाचा रस आम्लधर्मी आणि दुसऱ्याचा अल्कधर्मी असावा. तर्क सुंदर होता, कारण हे रंग आम्ल-अल्कांप्रमाणे बदलतात हे खरेच आहे. या शाळेतील पिढ्यान् पिढ्यांनी जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळून तो कागद लिंबूरसात गुलाबी आणि साबणाच्या पाण्यात हिरवट होताना पाहिला आहे. पण कॉर्नफ्लॉवरचा रस तपासला तर तोही आम्लधर्मीच निघाला. केइता शिबाता या जपानी शास्त्रज्ञांनी १९१९ मध्ये सुचविले की धातूचा संबंध असला पाहिजे. वाद रेंगाळत राहिला. अखेर २००५ मध्ये जपानी संशोधकांनी त्या निळ्या द्रव्याची स्फटिकरचना उलगडली: सहा रेणू त्या लाल रंगाचे, सहा रेणू एका फिकट सोबत्याचे, आणि मध्यभागी लोहाचा एक, मॅग्नेशियमचा एक व कॅल्शियमचे दोन अणू. एका फुलाची निळाई समजण्यास ९२ वर्षे लागली.

विल्श्टेटर यांच्याविषयी एक वाक्य अधिक बोलण्याची अनुमती असावी. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कार्यासाठी त्यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९२४ मध्ये म्युनिकच्या विद्यापीठात ज्यू उमेदवारांना डावलले जाते म्हणून त्यांनी, स्वतः ज्यू असलेल्या या थोर प्राध्यापकांनी, आपल्या पदाचा राजीनामा दिला आणि पुन्हा ते पद स्वीकारले नाही. १९३९ मध्ये त्यांना देश सोडावा लागला.

याच क्षेत्रातील दुसरे मोठे नाव रॉबर्ट रॉबिन्सन यांचे. मँचेस्टर येथे त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दोन भारतीयांनी ही विद्या आपल्याकडे रुजविली. टी. आर. शेषाद्री यांनी दिल्लीत वनस्पतींच्या रंगद्रव्यांचा अभ्यास उभा केला. के. वेंकटरामन हे मुंबईत रसायन-तंत्रशास्त्राच्या विभागाचे प्रमुख होते आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. पंधरा कार्बनांचा हा सांगाडा प्रयोगशाळेत घडविण्याच्या एका प्रक्रियेला आजही त्यांचे नाव आहे.

जास्वंदीचा कागद आठवला तशी हळदही आठवली असेल. हळदीतील कर्क्युमिन हे आपल्याच कथेतील पात्र आहे. नऊ कार्बनांचे दोन सांगाडे एका कार्बनाने सांधले की त्याची बैठक तयार होते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हळदीच्या पाण्यात चुना टाकला की ओवाळणीचे लाल पाणी होते. हा अल्काचा गुण. कुंकवाची गोष्ट मात्र वेगळी. जुन्या पद्धतीत हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार देऊन कुंकू करीत. लिंबाचा रस तर आम्ल. मग लाली आली कोठून? ती टाकणखारातील बोरॉनची. आम्लाच्या साक्षीने बोरॉन कर्क्युमिनशी जोडला जातो आणि अल्काच्या लालीहून टिकाऊ अशी लाली येते. आपल्या आजींना बोरॉन हे नाव ठाऊक नव्हते, कृती ठाऊक होती.

सर्वच रंग या एका घराण्याचे नाहीत, हे येथे नोंदवून पुढे जातो. झेंडूचा पिवळा रंग कॅरोटीन वर्गातला. तो पाण्यात विरघळत नाही, पेशीतील कणांत तेलकट रूपात राहतो आणि पाच-पाच कार्बनांचे आठ तुकडे जोडून चाळीस कार्बनांचा होतो. ती चाळीसांची साखळी दोन्ही टोकांनी छाटली की वीस कार्बनांचा एक केशरी तुकडा उरतो: केशराचा रंग तोच, आणि प्राजक्ताच्या देठाचाही तोच. तिसरे घराणे बीट, बोगनवेल, गुलबक्षी, कोंबडा आणि राजगिरा यांचे. ही मंडळी टायरोसीनपासून, नायट्रोजन न सोडता, आपले गुलाबी-जांभळे रंग करतात. लक्षणीय गोष्ट ही की ज्या जातीत हे रंग असतात तिच्यात अँथोसायनिन नसते, आणि उलटही. दोन्ही एकत्र असलेली एकही वनस्पती आजवर सापडलेली नाही. असे का, याचे सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: झाड हा खटाटोप का करते? झाडाला पाय नाहीत. शत्रू आला तर पळता येत नाही, जोडीदार हवा तर त्याच्याकडे जाता येत नाही. जे आपण हातापायांनी आणि आवाजाने करतो ते त्याला रसायनाने करावे लागते. पळसाची केशरी हाक कोणासाठी? मधमाशीसाठी ती फारशी उपयोगी नाही. मधमाश्यांना रंग दिसतात हे कार्ल फोन फ्रिश यांनी १९१४ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले; पण त्यांना शुद्ध लाल दिसत नाही, आणि आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. आपल्याला पांढरेशुभ्र वा एकरंगी वाटणाऱ्या अनेक पाकळ्यांवर त्यांना मधाकडे नेणाऱ्या रेषा दिसतात, आणि त्या रेषा याच पंधरा कार्बनांच्या रंगहीन द्रव्यांनी आखलेल्या असतात. लाल-केशरी दिसतो तो पक्ष्यांना. पळसावर सकाळी जाऊन पाहा: शिंजीर, मैना, सातभाई यांची गर्दी असते. किंशुकात पक्षी आहेच तो असा.

मधुमालतीचा वेल आपल्या अनेक अंगणांत आहे. तिचे फूल सायंकाळी पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग लाल. पांढरे असताना गंधावर रात्रीचे पतंग येतात. रंग चढल्यावर दिवसाचे पाहुणे येतात. पाकळी तीच, विकरांचे काम सुरू होण्याची घटका तेवढी ठरलेली. मोगरा, जाई ही रात्रीची फुले रंगावर काही खर्च करीत नाहीत. ती फेनिल-अ‍ॅलनीनचा तोच माल गंधाकडे वळवितात. मोगऱ्याच्या वासातील बेन्झिल अ‍ॅसिटेट या द्रव्यात आपले षट्कोनी कडे आहेच.

आणि शत्रूंचे काय? एर्न्स्ट श्टाल यांनी १८८८ मध्ये दाखविले की ज्या पानांना गोगलगाई तोंड लावीत नाहीत तीच पाने मद्यार्काने धुऊन, त्यांतील तुरट-कडू द्रव्ये काढून टाकून पुढे ठेवली तर त्या आनंदाने खातात. हा प्रयोग कोसेल यांच्या वर्गीकरणाच्या तीन वर्षे आधीचा आहे. तरीही तो विस्मृतीत गेला. गॉटफ्रिड फ्रेंकेल यांनी १९५९ मध्ये ही द्रव्ये म्हणजे झाडाची संरक्षणव्यवस्था होय असे पुन्हा ठामपणे मांडीपर्यंत टाकाऊ मालाची कल्पना टिकून होती. शब्दाचे ओझे असे असते.

आपल्या परंपरेतील शब्द या बाबतीत अधिक डोळस होता, असे मला वाटते. 'कषाय' म्हणजे तुरट चव. 'कषाय' म्हणजे काढा. आणि 'काषाय' म्हणजे भिक्षूचे रंगविलेले वस्त्र. चव, औषध आणि रंग यांना एका मुळातून शब्द का फुटावेत? रंगाऱ्याला विचारा. सुती कापडाला रंग धरावा म्हणून ते आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवितात. हिरड्यातील तुरट टॅनिन धाग्याला चिकटते, टॅनिनला तुरटी चिकटते आणि तुरटीला रंग. ते टॅनिनही शिकिमिक वाटेवरच तयार होते. ज्यांनी हा शब्द घडविला त्यांना ती वाट ठाऊक नव्हती, परंतु जीभ, औषध आणि रंगाची कढई यांत एकच वस्तू आहे हे त्यांच्या हाताला कळले होते. 'रंग', 'राग', 'रक्त', 'अनुरक्त' आणि 'विरक्त' हे सारे एकाच 'रञ्ज्' धातूचे; हा विषय एका स्वतंत्र व्याख्यानाचा असल्याने येथे मोह आवरतो.

विकरांवर हुकूम चालतो जनुकांचा. मेंडेल यांच्या वाटाण्याची जांभळी आणि पांढरी फुले आपण शाळेत शिकलो; ज्या जनुकातील बिघाडामुळे ती पांढरी होतात ते २०१० मध्ये ओळखले गेले. ते स्वतः रंग करीत नाही, रंग करणाऱ्या इतर जनुकांना जागे करते. यापेक्षाही अद्भुत गोष्ट १९९० ची. अमेरिकेत पिटुनियाचा जांभळा रंग अधिक गडद व्हावा म्हणून शाल्कोन घडविणाऱ्या जनुकाची जादा प्रत झाडात घातली. फुले गडद होण्याऐवजी काही पूर्ण पांढरी झाली, काही चट्ट्यापट्ट्यांची! जादा प्रतीने मूळ जनुकालाही गप्प बसविले होते. पेशी आपल्याच जनुकांचा आवाज असा बंद करू शकते, याची यंत्रणा पुढे १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत फायर आणि मेलो यांनी उलगडली आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आज त्या यंत्रणेवर आधारलेली औषधे माणसांना दिली जातात. बागेतील एका फुलाच्या 'दुय्यम' रंगाने शास्त्राला येथवर आणले.

शेवटी आपल्या भूमीविषयी. माळव्याच्या काळ्या मातीत एकेकाळी आल नावाचे पीक घेत. तिच्या मुळांच्या सालीत लाल रंग असे; खारव्याचे लाल कापड त्याच रंगाचे. हे पीक हाती येण्यास तीन-चार वर्षे लागत आणि मुळे खणून काढण्याचे कष्ट वेगळेच. या लाल द्रव्याची कडीही शिकिमिक मार्गाच्या फाट्यावरूनच येते. १८६९ मध्ये जर्मनीत व इंग्लंडमध्ये डांबरापासून अ‍ॅलिझरीन हा लाल रंग करण्याची कृती सिद्ध झाली. तो स्वस्त रंग बाजारात आला आणि आलीची शेती हळूहळू बुडाली. तीच गत काही वर्षांनी, १८९७ पासून कारखान्यातली नीळ विकावयास आल्यावर, नीळ पिकाची झाली. धार जिल्ह्यातील बाघ येथील छपाईत लाल रंग आजही मानाने मिरवतो, हिरड्याची तयारी आणि तुरटी तीच आहे. परंतु लाली कारखान्यातल्या अ‍ॅलिझरीनची आहे. आल कशी दिसते हे मी इंदूरच्या तरुण रंगकर्मींना विचारले, तेव्हा त्यांनी मलाच ते विचारले.

दुसरे पीक मात्र टिकले. मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत हिवाळा सरताना अफूची शेते फुलतात, बहुधा पांढरी. पाकळीत रंग नाही. सारे रसायन बोंडाच्या चिकात. तेथे टायरोसीनचे दोन रेणू एकत्र येतात आणि अनेक पायऱ्यांनंतर थिबेन, कोडीन आणि मॉर्फीन ही अल्कलॉइडे तयार होतात. मॉर्फीन १८०४-०५ च्या सुमारास झेर्ट्युर्नर या तरुण जर्मन औषधविक्रेत्याने वेगळे केले. त्याची रचना रॉबिन्सन आणि गलंड यांनी १९२५ मध्ये मांडली. ज्यांनी कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातील रुग्ण जवळून पाहिला आहे त्यांना या द्रव्याचे मोल सांगावे लागत नाही. ज्यांनी घरातला तरुण व्यसनात गमावला आहे त्यांना त्याचे भयही. २०१५ मध्ये अमेरिकेत यीस्टमध्ये वीसहून अधिक जनुके बसवून शर्करेपासून थेट याच वर्गातील द्रव्ये तयार करण्यात आली. प्रमाण नगण्य होते. परंतु आलीचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याने ती बातमी वाचून माळव्याचा विचार केला असेल.

तूर्त तेथील रीत अशी आहे की दुपारी बोंडाला चिरा देतात आणि रात्रभर पाझरलेला चीक पहाटे खरवडून घेतात. हा माल केंद्र सरकारकडे जमा होतो. लागवडीचे परवाने देणाऱ्या विभागाचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे आणि अफूवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना नीमचला. पूर्वी शेतकऱ्याचा पुढील वर्षीचा परवाना त्याने दर हेक्टरी किती किलो अफू दिली यावर ठरत असे. अलीकडच्या वर्षांत निकष बदलला आहे. आता त्या अफूत मॉर्फीन किती भरले, हे प्रयोगशाळेत तपासतात, आणि त्या आकड्यावर त्या कुटुंबाला पुढच्या हंगामात शेत पेरता येईल की नाही, हे ठरते.